बालवाडीतील मुलांच्या प्रगतीची नोंद: कशी ठेवावी आणि कोणाला कशी सांगावी

वर्षअखेरीस बालवाडीतून घरी जाणारी प्रगतिपत्रके एकत्र ठेवून वाचली, तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट चटकन लक्षात येते: पंचवीस मुलांच्या पंचवीस पत्रकांत मिळून शेरे मात्र चार-पाचच असतात. ‘प्रगती समाधानकारक’, ‘हुशार व चुणचुणीत’, ‘गाणी छान म्हणते’, ‘लक्ष देणे आवश्यक’. नाव झाकले तर पत्रक कोणत्या मुलाचे आहे, हे ते लिहिणाऱ्या ताईंनाही सांगता येणार नाही. अंगणवाडी सेविका असो की खासगी बालवाडीतील शिक्षिका, तिच्या टेबलावरचा रजिस्टरांचा ढीग पाहिल्यावर ‘आणखी एक नोंद ठेवा’ असे सांगणे धाडसाचेच आहे. म्हणून पुढे सांगितलेली पद्धत जास्त लिहिण्याची नाही. ती कमी, पण पाहून लिहिण्याची आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेऊ नये, हे आता केवळ बालशिक्षणातील जाणकारांचे मत राहिलेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, आणि त्या स्तरासाठी २०२२ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या वयात चाचण्या आणि परीक्षा पूर्णपणे अयोग्य असल्याचे स्पष्टपणे म्हटले. मुलाला खेळताना पाहणे आणि त्याने केलेले काम जपून त्याचा अर्थ लावणे, हे दोन मार्ग त्याने सुचवले. कारण साधे आहे. चार वर्षांच्या मुलाला समोर बसवून ‘हा रंग कोणता?’ असे विचारले, तर त्याने उत्तर न देण्याची दहा कारणे असू शकतात आणि रंग न ओळखणे हे त्यांपैकी एकच असते. तेच मूल ‘मला ती लाल गाडी दे’ म्हणून भांडते, तेव्हा उत्तर आपोआप मिळते. फक्त ते ऐकायला आणि टिपून घ्यायला कोणीतरी तिथे हवे.

पाहिलेले लिहावे, ठरवलेले नव्हे

नोंदीचा सगळा जीव तिच्या वाक्यात असतो. ‘स’ला अंक येत नाहीत, हे वाक्य घेऊ. (उदाहरणातील मुलांसाठी मी केवळ आद्याक्षरे वापरत आहे.) हे वाक्य खरे की खोटे हे नंतर कोणालाही तपासता येत नाही आणि उद्या काय करावे हेही त्यातून कळत नाही. आता तोच प्रसंग पाहून लिहिलेला असा: ‘१४ ऑगस्ट, सकाळी ११ वाजता, मुक्तखेळ. स हिने चिंचोक्यांची रांग लावली. एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत “एक, दोन, तीन, पाच, सहा” असे म्हटले. रांगेत पाच चिंचोके होते. “किती झाले?” असे विचारल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.’

या पाच ओळींतून बरेच काही समजते. एका वस्तूला एकच शब्द लावायचा, हे तिला पक्के कळले आहे. अंकांच्या क्रमातला ‘चार’ निसटतो आहे. मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हीच एकूण संख्या असते, ही कल्पना मात्र अजून आलेली नाही, म्हणूनच ‘किती?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून ती पुन्हा मोजते. मग उद्या तिच्याकडून अंक घोटून घेण्याऐवजी ‘आपल्या गटासाठी चार ताटल्या घेऊन ये’ असे काम तिला द्यावे, हे शिक्षिकेला आपोआप सुचते. ‘अंक येत नाहीत’ या शेऱ्यातून मात्र पाटी आणि घोकंपट्टी यांपलीकडे काही निघाले नसते.

म्हणून नोंद लिहिताना दिनांक, वेळ, ठिकाण, चाललेला खेळ आणि मुलाने प्रत्यक्ष केलेली किंवा बोललेली गोष्ट एवढेच लिहावे. मुलाचे बोलणे त्याच्याच शब्दांत, उच्चारांसकट उतरवावे; ‘आमची शेरडी इली’ या वाक्याची प्रमाण मराठी करू नये. पालघरमध्ये वारली, नंदुरबारमध्ये पावरी किंवा भिली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी घरी बोलणारे मूल बालवाडीत गप्प असेल, तर ‘बोलत नाही’ असे लिहिण्याआधी ते शेजारच्या मुलाशी त्याच्या भाषेत काय बोलते ते ऐकावे. आपल्याला ती भाषा येत नसेल तर मदतनीस ताईंना विचारावे, कारण त्या बहुधा त्याच पाड्यावरच्या असतात. घरच्या भाषेत मूल काय करू शकते आणि मराठीत काय, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

विशेषणे टाळावीत, असे प्रशिक्षणात नेहमी सांगितले जाते, पण ती का टाळायची हे मला माझ्याच चुकीतून समजले. सुरुवातीच्या काळात एका मुलाच्या पानावर मी ‘चिडका, मारकुटा’ असे लिहून मोकळी झाले होते. पुढे वेळेसह प्रसंग टिपायला लागल्यावर दिसले की तीन आठवड्यांतील त्याची चारही भांडणे साडेदहा ते अकराच्या दरम्यान, म्हणजे खाऊच्या आधी झाली होती. त्याची आई पहाटे मजुरीला जात असे आणि मूल काही न खाताच बालवाडीत येत असे. त्याला आल्या आल्या थोडे खायला देऊ लागलो आणि भांडणे कमी झाली. ‘मारकुटा’ हा शब्द मात्र वर्षभर त्या पानावर राहिला, आणि पुढच्या वर्गाच्या बाईंनी तो सर्वांत आधी वाचला.

तुलना हाही असाच एक सापळा आहे. ‘इतर मुलांच्या मानाने मागे’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी मुलाचे वय महिन्यांत काढून पाहावे. एकाच गटातील दोन मुलांपैकी एक ३६ महिन्यांचे आणि दुसरे ४७ महिन्यांचे असेल, तर दुसऱ्याने पहिल्याच्या संपूर्ण आयुष्याच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका काळ जास्त जगून घेतलेला असतो. मुलाची तुलना करायचीच, तर ती त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या पानाशी करावी. यासाठी प्रत्येक पानाच्या माथ्यावर जन्मतारीख ठळक लिहिलेली असावी, आणि ती आधारकार्डावरून नव्हे, तर शक्यतो जन्मदाखल्यावरून किंवा माता व बाल संरक्षण कार्डावरून घेतलेली असावी.

वेळ कुठून काढावा

सगळी मुले रोज पाहण्याचा संकल्प आठवडाभरही टिकत नाही. रोज तीनच मुले ठरवावीत. पंचवीस मुलांची एक फेरी आठ-नऊ दिवसांत होते आणि महिन्याच्या कामाच्या दिवसांत साधारण अडीच ते तीन फेऱ्या पूर्ण होतात; एका मुलाच्या वर्षभरात वीस-पंचवीस नोंदी जमतात आणि तेवढ्या पुष्कळ आहेत. त्या दिवसाची तीन नावे सकाळीच एका पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून खिशात किंवा कमरेला खोचून ठेवावीत. प्रसंग घडल्यावर चार शब्द खरडावेत आणि मुले घरी गेल्यावर दहा मिनिटांत ते पुरे करून त्या मुलाच्या पानावर चिकटवावेत किंवा उतरवावेत. रात्री घरी बसून आठवून लिहिलेल्या नोंदीत शिक्षिकेचे मत हळूच शिरते. मला तरी ते टाळता आलेले नाही.

पाहण्यासाठी सर्वांत चांगली वेळ म्हणजे मुक्तखेळ. गोलात बसून गाणे चालू असताना सगळी मुले सारखीच दिसतात. भातुकली, ठोकळे, वाळू, मणी ओवणे यांत ती वेगवेगळी दिसू लागतात. हात धुणे, जेवण वाढणे, चपला जागेवर ठेवणे या वेळा मदतनीस ताईंच्या नजरेत असतात, म्हणून त्यांना रोज जाताना ‘आज या तिघांचे काय पाहिलेत?’ एवढे विचारावे आणि त्यांचे सांगणे त्यांच्या नावासह लिहावे. शांत, त्रास न देणारी, ‘चांगली’ म्हणून ओळखली जाणारी मुले नजरेतून हमखास सुटतात. महिनाअखेरीस पाने चाळली की कोणाची कोरी राहिली ते कळते, आणि पुढच्या महिन्याची पहिली चिठ्ठी त्यांच्या नावाची काढावी.

कोऱ्या जागांवरून आणखीही एक गोष्ट कळते. शरीर व हालचाल, भावना व इतरांशी वागणे, विचार व गणन, भाषा, कला आणि शिकण्याच्या सवयी, असे ढोबळ सहा भाग करून नोंदी कोणत्या भागातल्या आहेत हे समासात एका अक्षराने दाखवत गेले, की आपल्या बालवाडीचे खरे वेळापत्रक उघडे पडते. बहुतेक ठिकाणी भाषा आणि अंक भरभरून वाहतात आणि भावनांचा रकाना जवळजवळ रिकामा असतो. अशा वेळी दोष मुलांचा नसून आपण आखलेल्या दिवसाचा असतो.

चित्रे, मातीकाम आणि फोटो

प्रत्येक मुलाचा एक पुठ्ठ्याचा फोल्डर असावा. त्यात सगळे कागद भरू नयेत. एका सत्रात तीन-चार पुरेत, आणि त्यांपैकी एक मुलाने स्वतः निवडलेला असावा. कागदाच्या मागे दिनांक आणि चित्राविषयी मूल जे बोलले ते लिहावे. चित्र कशाचे आहे हे विचारण्यापेक्षा ‘मला याबद्दल सांग’ असे म्हणावे, म्हणजे कधी कधी अख्खी गोष्ट हाती लागते. जूनमधील नुसत्या गिरगोट्या, दिवाळीपूर्वी बंद होऊ लागलेले गोल आणि फेब्रुवारीत त्या गोलालाच हातपाय फुटून झालेला माणूस, असे तीन कागद शेजारी ठेवले तर वेगळ्या शेऱ्याची गरज उरत नाही. हे कागद दुरुस्त करू नयेत. बाईंनी हात धरून काढून घेतलेले सुबक आंब्याचे चित्र पालकांना आवडते, पण त्यातून फक्त बाईंची प्रगती दिसते.

माती, ठोकळे किंवा रांगोळी जपून ठेवता येत नाही, तिथे फोटो उपयोगी पडतो. फोटो कामाचा आणि हातांचा घ्यावा. चेहरा आलाच पाहिजे असे नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, ही कायद्याची बाजू झाली. पण त्याहून साधी गोष्ट अशी की एका मुलाचे काम सगळ्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, की त्याच क्षणी उरलेल्या चोवीस घरांत तुलना सुरू होते. मुलाची नोंद त्याच्याच घरी जावी.

सत्रपत्रक भरताना

सत्राच्या शेवटी पत्रक भरावेच लागते. त्यात अ-ब-क श्रेणी किंवा चांदण्या देण्यापेक्षा तीन वाक्यांश ठरवून घ्यावेत: ‘मदत मिळाल्यावर करते’, ‘आठवण दिल्यावर करते’, ‘स्वतःहून करते’. प्रत्येक खुणेमागे किमान एक लिखित नोंद असली पाहिजे, हा नियम स्वतःला घालून घ्यावा, आणि नोंद नसेल तर ‘अजून पाहिलेले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहावे. पर्यवेक्षिकांना रिकामा रकाना आवडत नाही हे खरे आहे; पण ऐनवेळी भरलेल्या रकान्यावरून घेतलेला निर्णय मुलाच्या माथी बसतो.

वजन आणि उंची यांची नोंद अंगणवाडीत वेगळी, २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲपवर ठेवली जाते. ती वेगळी असली तरी वाचताना दोन्ही एकत्र वाचाव्यात. खेळातून बाजूला होऊन बसणाऱ्या मुलाच्या पानाशेजारी त्याची वजनाची रेषा ठेवली, तर अनेकदा ‘आळशी’ या शब्दाची जागा ‘दोन महिने वजन वाढलेले नाही’ या वाक्याला मिळते. वजनकाटा शून्यावर आणणे, कमीत कमी कपड्यांत आणि बिनचपलेचे वजन घेणे, उंची घेताना टाचा भिंतीला लागलेल्या असणे, या गोष्टी किरकोळ वाटतात, पण अर्ध्या किलोच्या चुकीने मूल वाढीच्या तक्त्यावर एका रंगातून दुसऱ्या रंगात जाऊ शकते. पाच वर्षांखालील मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण आहे आणि त्यासाठी सत्रअखेरीची वाट पाहू नये. त्याच दिवशी आशाताई आणि आरोग्य केंद्र यांना कळवावे.

ऐकणे, पाहणे, बोलणे किंवा चालणे याविषयी शंका आल्यास शिक्षिकेने निदान करू नये. ‘स्वमग्न वाटतो’ असे लिहिणे हे आपले काम नाही. ‘मागून नाव घेतल्यावर ५ पैकी ४ वेळा वळून पाहिले नाही, समोरून बोलल्यावर लगेच उत्तर दिले’ असे लिहिणे हे आपले काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करते. त्या पथकासमोर एका दिवसात पुष्कळ मुले येतात, तेव्हा दिनांकासह लिहिलेल्या अशा दोन ओळी हातात ठेवल्या तर डॉक्टरांना कुठे पाहायचे ते कळते आणि गरज असेल तर मुलाला जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येते.

घरच्यांशी बोलणे

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. हे काम पुढे कोसबाडला वाढले. त्या अंगणवाडीला प्रगतिपत्रकाची फारशी गरज नव्हती, असे मला नेहमी वाटते, कारण कामाला जाता-येता आई-आजी मुलाला शिकताना स्वतःच पाहत होत्या. आपण चार भिंती घातल्या, दार लावले आणि मग आत काय चालते हे सांगण्यासाठी कागद आला. पालकांशी बोलताना हे लक्षात असले, की शिक्षिकेने निकाल सांगायचा नसून त्यांना न दिसलेला भाग दाखवायचा आहे, हे आपोआप सांभाळले जाते.

म्हणून भेट घ्यायची ती प्रत्येक कुटुंबाची वेगळी, दहा-पंधरा मिनिटांची. टेबलाच्या पलीकडे खुर्चीवर बसू नये. सतरंजीवर शेजारी बसावे आणि मधे फोल्डर उघडून ठेवावा. पहिला प्रश्न आपण विचारावा: ‘घरी सध्या तिला काय करायला आवडते?’ आजी किंवा आजोबा मुलाला सोडायला येत असतील, तर भेटीला त्यांनाही बोलवावे, कारण मुलाचा दिवस बहुधा त्यांनीच पाहिलेला असतो. त्यानंतर चित्रे दाखवावीत, दोन-तीन नोंदी वाचून दाखवाव्यात, आणि घरी करण्याजोगी एकच गोष्ट सांगावी. ती घरात असलेल्या वस्तूंनी होणारी असावी: डाळ-तांदूळ निवडताना खडे वेगळे काढणे, धुतलेल्या कपड्यांतून जोड्या लावणे, भाकरी मोजून टोपल्यात ठेवणे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासमोर पत्रक सरकवून सही किंवा अंगठा घेणे म्हणजे प्रगती कळवणे नव्हे.

‘लिहायला कधी शिकवणार? शेजारच्या नर्सरीतला मुलगा एबीसीडी लिहितो,’ हा प्रश्न येणारच. त्यावर बालमानसशास्त्राचे व्याख्यान देण्याऐवजी मुलाने गोळे केलेली माती, ओवलेली माळ आणि गेल्या दोन महिन्यांची चित्रे दाखवावीत आणि बोटांची पकड कशी बदलत गेली ते सांगावे. पालकांचा आग्रह चुकीचा नसतो. मुलाचे पुढे चांगले व्हावे याच काळजीतून तो आलेला असतो, म्हणून त्याला उत्तर देताना आवाज चढू देऊ नये.

लेखी पत्रक द्यायचे असेल तर ते असे असू शकते: ‘जूनमध्ये स बालवाडीत आली तेव्हा आजीचा पदर सोडत नव्हती. आता ती स्वतः चपला काढून जागेवर ठेवते आणि थेट भातुकलीकडे जाते. ती पाच वस्तूंवर बोट ठेवून मोजते. मधला एखादा अंक सुटतो. दोन-तीन मैत्रिणींबरोबर खेळते, पण खेळणे कोणी ओढून घेतले तर काही न बोलता बाजूला होते. “मला दे” असे म्हणण्यासाठी आम्ही तिला मदत करीत आहोत. जेवायला बसताना घरात किती ताटे लागतील, हे तिलाच मोजू द्यावे.’ एवढे पुरे. यात आधी काय होते, आता काय आहे, आम्ही काय करतो आणि तुम्ही काय करावे हे सगळे आले, आणि हे पत्रक दुसऱ्या कोणत्याही मुलीचे असू शकत नाही.

अवघड गोष्ट सांगायची असेल तेव्हा ती पालकसभेत किंवा दारात उभ्या उभ्या सांगू नये. शक्य असल्यास आई-वडील दोघांनाही बोलवावे, आधी नोंदी वाचून दाखवाव्यात, त्यांनी घरी तसेच पाहिले आहे का ते विचारावे आणि तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होते हे कागदावर लिहून द्यावे. मूल तिथेच बसलेले असताना हे बोलणे करू नये. चार वर्षांच्या मुलाला स्वतःविषयीचे बोलणे चांगले कळते.

पान मुलाबरोबर जावे

बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतील ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या आगेमागे आईवडिलांबरोबर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. आपल्या रजिस्टरात त्या महिन्यांत फक्त गैरहजेरीच्या खुणा दिसतात. अशा मुलासाठी ऑक्टोबरमध्येच एक पान तयार ठेवावे: जन्मतारीख, शेवटचे वजन व उंची, लसीकरण, घरची भाषा, आवडता खेळ, सध्या काय जमते आणि काय जमू लागले आहे. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर आईच्या हाती द्यावे आणि ऊसतोड कामगार जिथे उतरतात त्या तळाजवळच्या अंगणवाडीत दाखवायला सांगावे. मूल परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची नवी नोंद करावी, कारण त्या पाच महिन्यांत तेही काहीतरी शिकलेलेच असते. बैलाच्या वेसणीपासून मोळी बांधण्यापर्यंतचे शब्द त्याच्याकडे असतात आणि मोळ्यांची मोजदाद त्याने रोज ऐकलेली असते.

पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलासाठीही असेच एक पान करावे. संपूर्ण फोल्डर शाळेत पाठवू नये, तो घरच्यांना द्यावा. पहिलीच्या शिक्षकांना चाळीस फोल्डर वाचायला वेळ नसतो. पानावर मुलाला काय येते हे आधी, कशाने ते घाबरते किंवा शांत होते हे नंतर आणि आरोग्याविषयी काही चालू असेल तर ते शेवटी, एवढे लिहावे. मे महिन्याच्या सुटीपूर्वी पहिलीच्या शिक्षकांना अर्धा तास बालवाडीत बोलावून मुलांसमवेत बसवता आले, तर पान आणि मूल यांची ओळख एकाच वेळी होते. पान शाळेकडे सोपवण्यापूर्वी ते पालकांना वाचून दाखवावे, आणि त्यातील एखादे वाक्य त्यांना खटकले तर ते का लिहिले हे मूळ नोंद काढून दाखवावे. मूळ नोंद सापडली नाही, तर ते वाक्य खोडावे.